सूर सरकवायचं बटण

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

टाके काढले. उजव्या कानामागे बोटभर जागा भादरली होती, तिथे आता खुंट वाढताहेत आणि दिवसभर खाज सुटते. बाकी मी ठणठणीत आहे. आत काय बसवलंय ते दिसत नाही, आणि ऐकू तर अजून काहीच येत नाही. बाहेरचं यंत्र कानामागे लावून पुढच्या महिन्यात सुरू करणार आहेत. तोवर मी होते तशीच ठार बहिरी. तुझी ताई हल्ली माझ्यासमोर उभी राहून एवढं मोठं तोंड उघडून बोलते की तिच्या सगळ्या दाढा मला पाठ झाल्या आहेत.

तर काम असं. कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी कागदावर लिहून दिलं की यंत्र सुरू झाल्यावर बोलणं कळायला वेळ लागेल, आणि संगीत कळायला त्याहून जास्त; काहींना ते कधीच कळत नाही. म्हणून घरी रोज एकेक सूर वाजवून ऐकायचा सराव करायचा, त्यासाठी उचलून इकडेतिकडे नेता येईल असा एखादा कीबोर्ड घ्यायचा, महागातला नको. आपल्या घरात एवढे पियानो आले, दुरुस्त झाले आणि आपापल्या घरी गेले, पण आपलं म्हणून एकही वाद्य मागे राहिलं नाही बघ. इथल्या दुकानात नुसती खेळणी. तुझ्या शहरात मोठं दुकान आहे म्हणे. ताईला चष्म्याच्या कारखान्यातून रजा नाही, म्हणून ही जबाबदारी नाइलाजाने तुझ्यावर.

तू बेसूर आहेस हे मी विसरलेले नाही. दुरुस्तीचं काम पुरं झालं की हे जी शीळ घालायचे, ती चार-दोन सुरांची, कुठून आणली होती त्यांनाच ठाऊक, ती तू म्हणायला लागलास की शेवटचा सूर हमखास खाली घसरायचा आणि हे तुला स्क्रू मोजायला बाहेर पिटाळायचे. पण कान वाया गेला असला तरी तुझी जीभ चालते. तू लिहिलेलं मला दिसतं. तेव्हा दुकानात जा, एकेक वाजवून बघ आणि कोणता कसा वाजतो ते सविस्तर लिही. आपलं दुकान त्यांच्या हातांवर आणि माझ्या कानावर चाललं. आता कागदावरून का होईना, निवड मीच करणार.

ताईला फोन करून परस्पर सांगायचं नाही. घरातली प्रत्येक बातमी पत्राने यायची आणि ती आधी मी वाचायची, हा नियम माझे कान गेले त्या वर्षी तुम्ही दोघांनीच केलात. तो मला फार आवडतो.

वेळेवर जेव. आहे तेवढं प्रेम राहू दे, वाढलं तर परत करणार नाही.

तुझी,
आई


११ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांचा हुकूम मिळाला. (बाबा तुला दुकानात साहेब म्हणायचे, ते मी कधीपासून म्हणू लागलो कोण जाणे.) शनिवारी अर्धी रजा टाकली आणि गेलो. दुकान तिसऱ्या मजल्यावर. तिथली लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं वर थांबते, माणसं ठेचकाळत बाहेर पडतात. दिवसभर लिफ्टच दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे बघवत नाही, पण आज आपलं काम वेगळं आहे असं स्वतःला बजावून पुढे गेलो.

आई, मी खरंच आ वासून उभा राहिलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत कीबोर्डच कीबोर्ड. एक पियानो दारातून आत घ्यायला बाबांना सहा माणसं लागायची, आणि इथे मी काखेत मारून जिना चढेन एवढ्या फळीत पियानो, ऑर्गन, व्हायोलिन, बासरी, झालंच तर कुत्र्याचं भुंकणंसुद्धा. हे सगळं आत मावतं कुठे, असं मी दुकानातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला की तुमच्या नखाएवढ्या जागेत. मी घरी येईपर्यंत नखाकडे बघत होतो.

आपल्या खिशाला झेपतील असे तीनच निघाले. त्यांना धाकटा, मधला आणि थोरला म्हणू.

धाकटा सगळ्यांत स्वस्त. पट्ट्या इतक्या बारीक की माझं एक बोट दोन पट्ट्यांवर पडतं. हळू दाबा नाहीतर ठोसा मारा, आवाज तेवढाच. पत्र्याचा डबा चमच्याने वाजवावा तसा. तो बाद.

मधल्याच्या पट्ट्या पुऱ्या मापाच्या, पण पोकळ. दाबली की सुराच्या आधी प्लॅस्टिकचं टक ऐकू येतं. जोर लावला की मोठा वाजतो, हळू दाबला की लहान, एवढी अक्कल त्याला आहे. आवाजांचा नुसता बाजार, शेकड्यांनी. पियानो मात्र शेजारच्या खोलीत दार लावून कुणी वाजवावा असा. बासरी साधी, कोरी, नळाची बारीक धार पडते तशी. तिच्यात काही खोली नाही. सेलवर चालतो, वजनाला हलका. शिवाय कडेला अधिक आणि उणे अशी दोन बटणं आहेत. ती दाबली की सगळेच्या सगळे सूर एकदम वर किंवा खाली सरकतात. पट्टी तीच दाबायची, सूर निराळा निघतो, आणि किती सरकवला त्याचा आकडा छोट्या पडद्यावर दिसतो. ज्याचा गळा पोचत नाही त्याची सोय, असं दुकानदार म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. मी काही गायलोही नव्हतो.

थोरला जड, किंमतही मधल्याच्या दीडपट. आवाज मोजके, बटणं जवळजवळ नाहीतच. पण पट्टी दाबली की ती बोटाला उलट दाबते, खऱ्या पियानोची दाबते तशी. मी एका बोटाने बाबांची शीळ वाजवली. पहिला सूर आला आणि मानेवर काटा उभा राहिला. बोट न उचलता मी नुसता उभा होतो आणि तो सूर लांब लांब जात होता, संपतच नव्हता. माझ्यासारख्याला हे वाटलं, तर तुला काय वाटेल?

लवकर उत्तर दे. ताईला दाढा झाकायला सांग, आणि माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझा,
बारक्या


१८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग ताईने वाचलं, मग मी पुन्हा वाचलं. तो थोरल्याचा लांबत जाणारा सूर मी खुर्चीत बसून ऐकला म्हटलं तर तू हसशील, पण ऐकला. तो कुठे बारीक झाला आणि कुठे विरला तेसुद्धा सांगू शकेन. इतकी वर्षं कान बंद आहेत आणि कागदावरच्या शाईतून सूर निघतो, याला काय म्हणावं मला कळत नाही.

आता पुन्हा जा आणि तीन गोष्टी कर. सगळ्यांत खालची पट्टी दाबून ठेव आणि लाकडाला, नसेल तर जे काय असेल त्याला, कान लाव. आत काही खुळखुळत असेल तर कळेल. मग शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाब, ते भांडले पाहिजेत. नुसते चिकटून बसले तर वाद्य खोटं. आणि शेवटी एक पट्टी इतकी हळू दाब की आवाज निघेल की नाही अशी शंका यावी. तिथेच वाद्याची जात कळते. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

मधल्याच्या त्या बटणाबद्दल वाचून मात्र हसू आलं आणि थोडा रागही आला. सूर सरकवायचं बटण! हे मान मोडेपर्यंत वाकून एकेक तार ताणत बसायचे, केसाएवढी कमी पडली तर मी पुन्हा ताणायला लावायचे, ती सगळी मेहनत कशासाठी होती? माणसाने सुरापर्यंत जायचं असतं, सुराला खेचून आपल्या पायाशी आणायचं नसतं. निव्वळ आळशांची सोय. असली वस्तू माझ्या घरात नको, फुकट मिळाली तरी नको. माझं मत थोरल्याला.

जिवाला जप, आईवर लोभ आहे तो चालू ठेव.

तुझी,
आई


२७ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिन्ही कामं केली. कान लावून बसलो तेव्हा दोन गिऱ्हाइकं माझ्या मागे येऊन उभी राहिली, त्यांना वाटलं मला चक्कर आली. काहीही खुळखुळलं नाही. शेजारचे सूर भांडले, चांगले हमरीतुमरीवर आले. आणि हळू दाबायचं म्हणालीस ते तर मी कधी विसरणार नाही. पट्टी खाली गेली, काही नाही, आणि मग कुठूनतरी एक एवढासा सूर आला. मी श्वास धरला होता. वैतागलेला दुकानदारही जवळ आला आणि म्हणाला की मी रोज इथे असतो, पण हे मी कधी करून पाहिलं नाही. मी त्याला सांगितलं की ही माझ्या आईची परीक्षा आहे.

थोरला बांधून पाठवला आहे. निघताना लिफ्टपाशी मात्र राहवलं नाही. तिथल्या माणसाला विचारून, हत्यारं मागून घेतली आणि तिचा थांबा दोन बोटं खाली आणून दिला. आता ती मजल्याशी अगदी बरोबर थांबते. दुकानदाराने चहा पाजला.

यंत्र सुरू झालं की पहिलं काय ऐकलंस ते लिही. मी वाट बघतोय, तुझा लोभ तर आहेच.

तुझा,
बारक्या


१९ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

हे पत्र मी कारखान्यातून लिहिते आहे आणि आईने ते वाचलेलं नाही. आपला नियम मी पहिल्यांदाच मोडते आहे. मला दुसरं काही सुचलं नाही.

यंत्र सुरू झालं त्या दिवशीचं आधी सांगते. बाईंनी काहीतरी दाबलं आणि आईने एकदम मान वळवली. शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली होती. खुर्ची, असं आई म्हणाली. इतक्या वर्षांनी तिने न बघता काहीतरी ओळखलं होतं! घरी येईपर्यंत ती एकेक आवाज ओळखत होती, रस्ता, पिशवी, किल्ली. माझा आवाज म्हणजे बरणीत कोंडलेल्या उंदरासारखा लागतो असं म्हणाली, आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो.

मग थोरला उघडला. तिने हात धुतले, केस विंचरले आणि बाबांच्या खुर्चीत बसली. शिळेचे पहिले सूर वाजवले. थांबली. पुन्हा वाजवले. आणि बटण बंद करून उठली. चमच्यांचा ट्रे जिन्यावरून सोडावा तसं ऐकू येतं म्हणाली. सगळं कुठेतरी वर चढून किंचाळतंय, आणि कोणता सूर कोणता तेच कळत नाही.

मला वाटलं, होईल सवय. पण दुसऱ्या दिवशी तिने यंत्र लावलं नाही, तिसऱ्याही नाही. ते सुईदोऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंय. मी चिडले, तेव्हा तिने मला समोर बसवलं. म्हणाली की कान गेले तेव्हा तुम्हा सगळ्यांचे आवाज मी जसेच्या तसे आत ठेवून दिले होते. नंतर हे बोलायचे तेव्हा मला फक्त ओठ दिसायचे, आवाज मी आतला लावायचे, आणि कधी चुकला नाही. हे गेल्यावरही तो आवाज माझ्यापाशी राहिला. पण आता तुझा जुना आवाज आठवायला गेले की तो उंदीर येतो. उद्या ह्यांचा आवाज काढायला गेले आणि तिथेही उंदीरच निघाला, तर माझ्याकडे काय उरलं? त्यापेक्षा मी बहिरी बरी.

मी कपाटं शोधली, बारक्या. बाबांचा आवाज कुठे टेपवर भरून ठेवलेलाही नाही आपल्याकडे. कानाच्या बाई म्हणतात की हे पहिले महिनेच महत्त्वाचे, आत्ता यंत्र लावलं नाही तर मेंदू शिकायचंच सोडून देतो. तू काहीतरी लिही. तुझं ती वाचते.

तुझी,
ताई


२६ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताईने नियम मोडून मला कळवलं. तिला रागावू नकोस. रागवायचंच असेल तर मला रागाव, कारण मी आता त्याहून वाईट काम करणार आहे. मी मधला पाठवतोय. होय, तोच, आळशांचा.

तुझं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तू ताईला सूर वेडावाकडा लागतो असं म्हणाली नाहीस, वर चढलेला लागतो असं म्हणालीस. आई, हे मला कळतं. सुराचं मला काही कळत नाही, पण मजल्याच्या वर थांबणारी लिफ्ट मला कळते. तिच्यात बाकी काहीही बिघडलेलं नसतं. दोर चांगला, मोटर चांगली, फक्त थांबा वर बसलेला. माणूस दार उघडतो, समोर मजला नसतो, आणि त्याला वाटतं सगळंच संपलं. मी ताईला कारखान्यात फोन करून कानाच्या बाईंकडे विचारायला पाठवलं. त्या म्हणाल्या की नव्या कानाला सगळं वर चढलेलं वाटणं अगदी नेहमीचं आहे, आणि भरदार आवाजांपेक्षा साधा आवाज त्याला आधी कळतो. म्हणजे मी जो निवडला तो माझ्या कानाला गोड, तुझ्या कानाला गोंधळ. आणि ज्याच्या बासरीत काही खोली नाही असं मी तुला ऐटीत लिहिलं, तोच तुला हवा होता. थोरला बदलून मिळतोय, लिफ्टचा उपकार दुकानदार विसरलेला नाही.

बाबांच्या आवाजाबद्दल म्हणशील तर, मलाही तीच भीती वाटते, फक्त जास्त, कारण माझ्याकडे तो तुझ्याएवढा स्पष्ट उरलेलाच नाही. तो फक्त तुझ्यापाशी आहे. म्हणून तू ड्रॉवर बंद केलास तर मी वाद घालणार नाही. एकच मागतो. बासरी लाव, उण्याचं बटण दाबत खाली खाली ये, आणि बाबांची शीळ कुठे सापडते का बघ. नाही सापडली तर ड्रॉवर तुझा.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
बारक्या


१४ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मधला आला आणि खोक्यासकट भिंतीशी पडून राहिला. त्याच्यावर मी वाळलेले कपडे रचत होते. इतकी चिडले होते मी तुझ्यावर. माझ्या मुलाने मला सूर सरकवायचं बटण पाठवावं! ताईशीही दोन दिवस बोलले नाही. बहिऱ्या बाईचा अबोला लोकांच्या लवकर लक्षात येत नाही, हे एक वाईट आहे.

मंगळवारी दुपारी ताई कामावर होती. मी खोकं उघडलं ते केवळ तू कसा चुकलास हे तुला सविस्तर लिहिता यावं म्हणून. यंत्र लावलं. बासरी लावली. वाजवली, ती कुठेतरी छपरावर. मनात म्हटलं, झालं तुझं समाधान? उण्याचं बटण दाबलं. पुन्हा वाजवली. अजूनही वरच. पुन्हा दाबलं. असं करत पडद्यावर उणे पाच आकडा आला, मी शिळेचा पहिला सूर दाबला, आणि बारक्या, तो तोच होता.

काय सांगू तुला. सारखा नव्हे, तोच. ज्या उंचीवर हे तो सोडायचे, बरोबर त्या उंचीवर. पुढचे सूर मी घाबरत घाबरत दाबले. सगळे नीट कळले नाहीत, मधले दोन अजून एकमेकांत मिसळतात, पण शीळ उभी राहिली. अख्खी, माझ्यासमोर. शेवटचा सूर वाजला आणि मी मागे वळून पाहिलं. दुकानाच्या दाराकडे हे असे पाठ करून उभे राहायचे ना, त्या बाजूला. तिथे कुणी नव्हतं. मी कितीतरी वेळ तिकडे बघत बसले होते, हात पट्ट्यांवरून काढायचंही सुचलं नाही.

पियानोचा आवाज लावून पाहिला, तर चमचेच. ही तुझी कोरी, बिनखोलीची बासरीच तेवढी कळते. ज्या वाद्याला आपल्या दुकानात मी उभंसुद्धा केलं नसतं, त्याने मला हे दिलं. मी त्या बटणाबद्दल जे काय लिहिलं होतं ते पत्र तुझ्याकडे असेल. फाडून टाक.

यंत्र ड्रॉवरमधून बाहेर काढलंय. भीती गेलेली नाही, पण सकाळी उठल्याबरोबर लावते. ताईचा उंदीर थोडा मोठा झालाय, मांजराएवढा.

तुझ्यावर फार लोभ आहे, एरवी लिहीत नाही म्हणून आज लिहिते.

तुझी,
आई


२९ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

आज जे लिहिणार आहे ते तुला खरं वाटणार नाही. ताईची साक्ष आहे.

मे महिन्यात एके दिवशी शीळ वाजवली तर ती उतरलेली वाटली. रोजच्याच उणे पाचवर. म्हटलं सेल संपले. नवे घातले, तरी उतरलेलीच. ताईला म्हटलं, तुझ्या भावाने पुन्हा फसवलं, वाद्य बिघडलं. ती कान लावून बघते तर वाद्य जसंच्या तसं. मग सहज उणे चार केलं आणि शीळ जाग्यावर आली. पुढे काही आठवड्यांनी उणे तीन. मग दोन. प्रत्येक वेळी मला वाटायचं की वाद्य सरकलं, आणि प्रत्येक वेळी वाद्य होतं तिथेच असायचं. सरकत होते ती मी.

काल पडद्यावर शून्य होतं आणि शीळ अगदी बरोबर होती. बटण न दाबता. आता ते बटण कशाला आहे असं नवीन माणसाने मला विचारलं तर सांगता येणार नाही.

कानाच्या बाई म्हणाल्या की मेंदू स्वतःला जुळवून घेतो. असं त्या सहज बोलून गेल्या, जसं काही भाजी शिजते म्हणाव्यात. एक पियानो जुळवायला ह्यांना दोन दिवस लागायचे, शंभरावर खुंट्या पिळायच्या, माझी कटकट ऐकायची. आणि इथे माझ्या डोक्यात कुणी हात घातला नाही, किल्ली नाही, पाना नाही, आणि झोपेत, जेवताना, कपडे वाळत घालताना कुणीतरी आत बसून एकेक तार सुरात आणतंय. मला कळतसुद्धा नाही. अशी कारागिरी मी बघितली नाही रे कुठे.

ताईचा आवाज आता ताईचा झालाय, हुकूम सोडणारा. तुझा मात्र अजून ऐकलेला नाही. फोनवरचं ऐकणं सगळ्यांत अवघड असतं असं बाई म्हणतात, आणि मला धाकधूक आहे, खोटं कशाला सांगू. ह्यांचा आवाज मी अजून काढून बघितलेला नाही. हिंमत होत नाही. पण येत्या रविवारी दुपारी फोन कर. नियम मी मोडते आहे. फार बोलू नकोस, मला समजणार नाही. शीळ तेवढी म्हण. तुला शीळ घालता येत नाही हे माहीत आहे, तोंडाने म्हण.

भेट होईपर्यंत हा लोभ पुरवून वापर.

तुझी,
आई


४ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कालच्या फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. मी शीळ म्हटली, आणि संपते न संपते तोच तू फोन ठेवलास. नंतर दोनदा लावला, उचलला नाहीस. तुला काहीच कळलं नसणार. चूक माझीच, घाईने म्हटली, आणि मागे रस्त्याचा आवाज होता. बाईंनी आधीच सांगितलं होतं की फोन अवघड असतो. आपण काही महिन्यांनी पुन्हा बघू, नाहीतर नकोच. पत्रं आहेतच. इतकी वर्षं आपलं काय अडलं?

फक्त यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस. माझ्या एका फोनपायी ते झालं तर मला सहन होणार नाही. दोन ओळी लिही.

लोभाची मला आज जरा जास्त गरज आहे.

तुझा,
बारक्या


८ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

यंत्र कानावर आहे. आत्ता हे लिहितानाही आहे, आणि या पेनाचा कागदावर होणारा आवाज मला ऐकू येतोय, जो आपल्याला ऐकू येतो हे मी पार विसरून गेले होते.

आता फोनचं. तू नमस्कार वगैरे काय बोललास त्यातलं मला अर्धं कळलं. मग तू शीळ म्हणायला लागलास. पहिला सूर बरा. पुढचेही चालण्यासारखे. मधले दोन, जे माझ्या मधल्यावर कितीतरी दिवस मिसळत होते, ते वेगवेगळे ऐकू आले. आणि मग शेवटचा. बारक्या, तो घसरला. लहानपणी घसरायचा तसाच, तेवढाच, त्याच जागी. ताई शेजारी उभी होती, तिला कळलं नाही. मला कळलं.

आणि तो घसरला त्याच क्षणी हे बोलले. मी बोलावलं नव्हतं, काढून बघायची हिंमत नव्हती म्हणून लिहिलं होतं ना तुला. आपणहून बोलले, दुकानाच्या आतल्या बाजूने, तोंडात खिळा धरल्यासारखे, की बारक्या, ऊठ, बाहेर जा आणि स्क्रू मोज. त्यांच्याच आवाजात रे. जशाच्या तशा. कुठे चरा नाही, कुठे उंदीर नाही. मला तो अजून थोडा वेळ ऐकायचा होता, म्हणून मी फोन ठेवला.

त्यांचा आवाज जिथे ठेवला होता तिथेच आहे. तुझा नवा आलाय, तो शेजारी ठेवलाय.

लोभ असाच राहू दे. येत्या रविवारी पुन्हा फोन कर आणि शीळ म्हण, आणि खबरदार शेवटचा सूर सुधारलास तर.

तुझी,
आई